बोरगावची चिंच

मालकांनी मला खोली दिली ती माझ्या गाडीकडं बघून. बेळगावात भाडेकरूला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: लग्न झालंय का, मूळ गाव कुठलं, मटण-मासे घरात शिजणार का. मालकांनी यातला एकही विचारला नाही. मी जनावरांच्या औषधांचा विक्रेता, त्यामुळं कंपनीची एक बारकी व्हॅन माझ्या दिमतीला असे. ते जिना उतरून आले, खिशातून टेप काढली, व्हॅनचं मागचं दार उघडायला लावलं आणि आत वाकून लांबी, रुंदी, उंची सगळं मोजलं. मग टेप गुंडाळत म्हणाले, "उंचीला जरा कमी पडतंय. पण आडवं घालून येईल." काय आडवं घालून येईल हे विचारायचं मला सुचलं नाही. टिळकवाडीत इतक्या स्वस्तात खोली मिळाली, या आनंदात मी होतो.

पुढच्याच रविवारी उलगडा झाला. सकाळी चहाच्या आधी दार वाजलं. दारात मालक, एका हातात पहार, दुसऱ्या हातात ओली गोणपाटं, डोक्यावर कानटोपी. "चल, कणकुंबीला जाऊन येऊ," म्हणाले. जाऊन येऊ म्हणजे गाडी माझी, डिझेल कंपनीचं आणि रविवार माझा, हे सगळं त्यांनी गृहीत धरलेलं होतं.

सगळी हयात त्यांनी जमिनी मोजण्याच्या सरकारी खात्यात काढली होती. निपाणी, चिकोडी, खानापूर, हा सगळा मुलूख साखळी ओढत त्यांच्या पायाखालून गेलेला. इतरांना नोकरीत पगार दिसतो, वरकमाई दिसते. यांना बांधावरची झाडं दिसली. जमीन एकाची, तक्रार दुसऱ्याची, आणि साहेब उन्हात उभे राहून एखाद्या खुरटलेल्या बोरीकडं टक लावून बघतायत, असं नोकरीभर चाललं होतं. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवले आणि झाडं एकेक करून गच्चीवर आणायला सुरुवात केली.

नर्सरीतून रोप आणून ते बारकं ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पोरखेळ. बोन्साय म्हणजे रानात जन्मभर मार खाऊन आपणहून खुजं राहिलेलं झाड हुडकायचं, ते मुळासकट काढायचं आणि घरी आणून परातीएवढ्या कुंडीत बसवायचं. झाडाची त्यांची कसोटी एकच होती. "सोसलेलं पाहिजे," ते म्हणत. शेळ्यांनी खाल्लेलं, म्हशींनी अंग घासलेलं, सरपणासाठी दरवर्षी विळ्याचे घाव खाल्लेलं, वणव्यात अर्धं जळालेलं, असं झाड दिसलं की त्यांचा चेहरा खुले. एखादं सरळसोट, पानांनी भरलेलं, निरोगी झाड दिसलं तर ते तोंड वाकडं करत. "ह्यानं काय सोसलंय?" असं विचारून पुढं चालू लागत.

त्यांच्या घरात सोसलेलं आणखीही कुणीतरी होतं, पण तिकडं त्यांचं लक्ष गेल्याचं मला दिसलं नाही. गच्चीवर कुंड्यांमुळं पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मालकांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, कपड्यांची दोरी कधीच गेली होती. त्या बिचाऱ्या माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालत आणि प्रत्येक वेळी "तुम्हाला त्रास" असं म्हणत. लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायच्या तर मालक सावलीचा हिशेब सांगत. पापड घालणं त्यांनी सोडून दिलं होतं, दुकानातून आणत.

झाडांना मालक त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारत. उंबर, पिंपळ, करवंद असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. सकाळी वरून आवाज येई, "अगं, चिकोडीला पाणी घातलंस काय?" आणि रस्त्यानं चाललेला माणूस चपापून वर बघे. कधी जांबोटीला मुंग्या लागत, कधी कणकुंबी पिवळी पडे. एकदा माझी आई फोनवर असताना पलीकडून त्यांचा आवाज आला, "खानापूरचे दोन्ही हात उद्या छाटायचे." आईनं पुढचे कितीतरी दिवस मला खोली बदलायचा आग्रह केला.

खोली बदलायला तसं कारणही होतं. गच्चीच्या बरोबर खाली माझा पलंग. वर पाणी घातलं की थोड्या वेळानं माझ्या उशीवर टपटप सुरू व्हायचं. मी तक्रार केली तेव्हा मालक खाली आले, छताकडं बघितलं, ओल्या डागावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गळत नाही रे, पाझरतंय." मोजणी खात्यातला माणूस, शब्दही मोजूनच वापरणार. वर म्हणाले, पाण्यात शेंगदाण्याची पेंड भिजवलेली असते, त्यात वाईट काही नाही. जसा काही मी उगवणारच होतो. मी पलंग सरकवला.

शहरातली त्यांची कीर्ती मात्र वेगळ्या कारणानं होती. आपल्याकडं भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला तर घरचा माणूस त्याला हात लावत नाही. तोडला तर पाप लागेल, ठेवला तर भिंत जाईल, अशा कचाट्यात सापडलेली घरं शहापुरात आणि जुन्या पेठांत पुष्कळ. ही मंडळी मालकांना बोलावून घेत. मालक पांढरा शर्ट घालून जात, झाडाला हळद-कुंकू वाहत, नारळ फोडत आणि घरच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं झाडाला सांगत, "तोडत नाही हं, जागा बदलतोय." घरातल्या बायका हात जोडून उभ्या असत. मग मालक छिन्नी-हातोडी काढत. नारळ येताना गाडीत आम्ही दोघं खायचो.

एका घरी उंबराबरोबर न्हाणीघराची अर्धी भिंतच खाली आली. आत कुणी नव्हतं हे नशीब. घरमालक कपाळाला हात लावून बसला. मालकांनी ढिगाऱ्यातून उंबर काढला, मुळं झटकली आणि गंभीरपणे म्हणाले, "बघा, तुमची भिंत ह्यानंच धरली होती." एवढं बोलून ते उंबर घेऊन निघाले. मी गाडी इतक्या जोरात काढली की त्यांची कानटोपी मागं पडली.

पण एका बाबतीत मी त्यांना मानत होतो, ते म्हणजे त्यांची हद्दींची आठवण. कणकुंबीच्या अलीकडं एकदा एका वनरक्षकानं आम्हाला पहारीसकट पकडलं. माझी पाचावर धारण बसली. नोकरी जाणार, गाडी जप्त होणार, आईला कोण सांगणार, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मालक मात्र शांत. त्यांनी कानडीत त्याला विचारलं, हद्दीचा दगड कुठं आहे माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. मालक झुडपांत शिरले, पायानं पालापाचोळा बाजूला केला, आणि खरंच तिथं शेवाळलेला दगड निघाला. त्याच्या पलीकडं जंगल, अलीकडं आपण उभे आहोत ती गावची जमीन, असं त्यांनी दाखवून दिलं. वनरक्षकाची नजरच बदलली. त्याच्या स्वतःच्या गावात शेजाऱ्यानं कुंपण आत घातलं होतं. मग दोघं दगडावर बसून त्या कुंपणावर बोलत राहिले आणि मी गाडीत डासांना रक्त दिलं.

"एकदा बघितलेली खूण मी विसरत नाही," परतताना मालक म्हणाले. हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवत, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. कुठल्या गावात कुठल्या विहिरीच्या कुठल्या कोपऱ्यापासून कुणाची जमीन सुरू होते, हे ते जेवताना सांगत. पुढं एक नेहमीचं शेपूट असे. नोकरीत खेड्यातल्या लोकांना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट बजावली होती म्हणे: कागद हरवतो, दगड हलवतात, पण बांधावरच्या झाडाला हात लावू नका, ती तुमची खूण आहे.

बोरगावची चिंच बांधावरची होती.

तिकडं, निपाणीच्या पुढं, ते नोकरीत असताना शेजारची जमीन मोजायला गेले होते, तेव्हाच ती त्यांनी हेरून ठेवली होती. कमरेच्या वर न गेलेली, बुंधा मात्र मांडीएवढा, सगळ्या अंगाला गाठी, एका बाजूला खोल वळ. रस्त्यावरच्या मोरीपासून निघालेला बांध सरळ त्या चिंचेपर्यंत जायचा. बांधाच्या एका अंगाला थोरल्या भावाचं रान, दुसऱ्या अंगाला धाकट्याचं. धाकटा कागलला कारखान्यात कामाला, त्याचं रान त्याची बायको बघायची. भाऊ-भाऊ बोलत नव्हते.

मालकांनी त्या चिंचेच्या कितीतरी वाऱ्या केल्या. मुलगी बघायला गेल्यासारखे चारी बाजूंनी फिरायचे, उकिडवे बसून खालून बघायचे, हात न लावता परत यायचे. येताना गाडीत ती किती वर्षांची असेल याचा अंदाज दर वेळी वाढत जाई. शेवटी त्यांनी थोरल्याकडं शब्द टाकला. धाकट्याच्या बायकोला विचारायला नको का, असं मी म्हटलं, तर म्हणाले की बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय.

थोरला एका शब्दात तयार झाला. इतका उमदा शेतकरी मी पाहिला नाही. त्यानं पहार दिली, कुदळ दिली, बायकोला सांगून चहा केला, पोहे केले, स्वतः खड्ड्यात उतरून माती काढली. मालक मला हळूच म्हणाले, "बघ, अजून माणुसकी आहे." अख्खी नोकरी ज्यानं भावाभावांच्या बांधांवर काढली, त्याला हा माणूस एवढ्या हौसेनं बांधावरचं झाड का देतोय, असा प्रश्न पडू नये? नाही पडला. मालकांना तेव्हा बुंध्याशिवाय काही दिसतच नव्हतं.

सोटमूळ कापायला करवत लागली. मूळ जाड आणि लोखंडासारखं टणक. एका बाजूनं मालकांनी कापलं, ते दमल्यावर उलट्या बाजूनं मी. माझी करवत त्यांच्या रेघेला जाऊन मिळालीच नाही, खालून गेली. मूळ मोडलं तेव्हा मध्ये एक पायरी राहिली होती. मालक भडकले. "तुला एक रेघ सरळ ओढता येत नाही. मोजणीत असतास तर दोन गावांत मारामाऱ्या लावल्या असत्यास." माझ्या तळहातांना फोड आले होते, त्यामुळं मीही काहीतरी बोललो. घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही, मागं गोणपाटात चिंच.

ती जगली, आणि मालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन-चार वर्षांत तिनं काय रूप घेतलं, हे माझ्यासारख्या नास्तिकालाही कबूल करावं लागेल. ढोपरभर झाड, पण बघितलं की माळावर, उन्हात, लांबून एखादी म्हातारी चिंच दिसावी तसं वाटायचं. रविवारी बघायला माणसं येत. मालक त्यांना बुंध्यावरचा तो खोल वळ दाखवत आणि वीज कशी पडली असेल, झाड त्यातून कसं वाचलं असेल, हे हातवारे करून सांगत. काकू चहा आणून ठेवत. पुण्याहून कुणी जाणकार येऊन झाडं बघणार होते, तसलं मोठं प्रदर्शन शहरात भरायचं होतं. बोरगाव तिथं पहिली येणार याबद्दल मालकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पितळी पाटी करायला टाकली होती.

त्याच दिवसांत, ऐन एप्रिलच्या उन्हात, आक्का आल्या. आक्का म्हणजे त्या धाकट्या भावाची बायको. पन्नाशीच्या, काटक, एसटीनं एकट्याच आलेल्या. पत्ता विचारत विचारत घर शोधलं होतं. खाली बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, चिंच कुठं आहे म्हणाल्या. मालकांना वाटलं, हीसुद्धा बघायलाच आली. मोठ्या उत्साहानं त्यांना वर नेलं. मीही मागून गेलो.

आक्कांनी चिंचेभोवती एक फेरी मारली. मग वाकून त्या वळावर अंगठा फिरवला. "हितं आमचा सासरा बैल बांधायचा," त्या म्हणाल्या. "दाव्यानं घासून घासून पडलंय हे." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जमिनीची वाटणी कागदावर झालेलीच नव्हती. सासऱ्यानं दोन्ही पोरांना चिंचेपाशी उभं करून सांगितलं होतं, उगवतीचं थोरल्याचं, मावळतीचं धाकट्याचं, बांध चिंचेच्या बुडात. सातबारा म्हणा, उतारा म्हणा, तो अजून एकाच नावावर. चिंच गेल्यावर थोडी वर्षं गप्प बसून थोरल्यानं गेल्या हंगामात ट्रॅक्टर घातला, बांध मोडला आणि चांगला आत, आक्कांच्या रानात नवीन घातला. जुन्या बांधाला लागून आक्कांची विहिरीकडं जायची वाट होती. ती वाट आता थोरल्याच्या हद्दीत गेली, आणि तो तिथनं पाऊल टाकू देत नव्हता. मोटार चालू करायला जाता येत नाही, ऊस उभ्यानं वाळतोय. भावकी बसली तर थोरला म्हणतो, चिंच होती तिथंच बांध आहे, नसेल तर दाखवा चिंच कुठं होती.

मालकांनी आधी खात्यातल्या सवयीनं हद्द ठरवून घेण्यासाठी अर्ज करायला सांगितलं. बोलता बोलताच त्यांना कळलं असावं की एका नावावरच्या जमिनीत कसली हद्द मोजणार. मग म्हणाले, तिथं खड्डा आहे की. खड्ड्यावरनं ट्रॅक्टर फिरला, आक्का म्हणाल्या. मग मालकांनी मोबाईल काढला. चिंच काढायच्या आधीचे फोटो त्यांच्याकडं ढिगानं होते. पुढून, मागून, खालून, वळाचा वेगळा. सगळ्यांत फक्त बुंधा. एकाही फोटोत रान नाही, मोरी नाही, विहीर नाही. एकात माझा गुडघा होता.

"चिंच न्हेलासा त्येचं काय न्हाय सायेब," आक्का म्हणाल्या. "ती कुठं हुती, तेवढं येऊन दावा."

रविवारी येतो, असं मालकांनी कबूल केलं. एकदा बघितलेली खूण ते विसरत नव्हते.

आक्का खाली काकूंपाशी बसल्या, जेवल्या. दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात बोलत होत्या. काय बोलल्या ते कळलं नाही. पण रविवारी सकाळी मी गाडी काढली तेव्हा मागच्या बाजूला चिंच ठेवलेली होती, कुंडीसकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आणि काकू पदराला हात पुसत शेजारी उभ्या होत्या. मालक हादरलेच. प्रदर्शन तोंडावर आलंय, हायवेचं वारं लागेल, ऊन लागेल, पानं झडतील, असं बोलत ते कुंडी उचलायला गेले. काकू बाजूला झाल्या नाहीत. "त्यांचं आहे ते," एवढंच म्हणाल्या. त्या घरात काकूंनी नवऱ्याला अडवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक मालकांनीही नव्हतं. ते निमूट मागं जाऊन बसले आणि बोरगावपर्यंत कुंडी मांडीत धरून आले.

रानात भावकीतली पाच-सहा माणसं बसली होती. थोरल्याचा ऊस तुटून गेलेला, रान मोकळं. थोरला टोपी सारखी करत सामोरा आला, साहेबांना नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चिंच हुती तितं बांध. मी कवा न्हाय म्हटलोय? सायबानीच दावावं."

मालक मोरीवर जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले, हात सरळ धरला आणि चालू लागले. एका जागी थांबून टाच रोवली, इथं. मग मागं वळून मोरीकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि थोडं डावीकडं सरकले. मग आणखी थोडं. मग परत पहिल्या जागी आले, पण ती पहिली जागा नव्हती. लोक आधी बघत होते, मग एकमेकांकडं बघायला लागले, मग कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरला मिशीत हसत होता. मला मालकांची कीव आली आणि रागही आला. शेवाळातला दगड हुडकून काढणारा माणूस! पण चिंच काढली त्या दिवशी त्यांनी खूण बघितलीच नव्हती, झाड बघितलं होतं. आणि मी माझे फोड.

आक्का बांधावर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. शेवटची आशा ह्या माणसावर ठेवून त्या बेळगावला येऊन गेल्या होत्या.

मालक घाम पुसत मधोमध उभे राहिले. मग त्यांनी कुदळ मागितली. सोटमूळ खालीच राहिलंय, ते म्हणाले, ट्रॅक्टरचा फाळ तेवढा खोल जात नाही. आक्कांच्या माहेरची दोन माणसं आली होती, त्यांनी नव्या बांधापासून उगवतीकडं आडवा चर खणायला घेतला. मालक चरात उतरून हातानं माती चाचपत होते. पांढऱ्या शर्टाची माती झाली. ऊन तापलं, थोरल्याकडची माणसं सावलीला जाऊन बसली. आणि नव्या बांधापासून बरंच लांब, थोरल्याच्या उसाच्या सरीखाली, कुदळ खण्णकन वाजली. खाली मूळ होतं, वरून कापलेलं.

थोरला वाकून बघून गेला. "बाभळीचं असंल," म्हणाला. "बांधाला रग्गड बाभळी हुत्या."

मालकांनी नखानं साल खरवडली, वास घेतला, चिंचेचंच आहे म्हणाले. त्यांच्या नाकाला भावकीत काय किंमत? एक जण म्हणाला, असंल चिंचेचं, पण हीच चिंच कशावरनं? आक्का त्या कापलेल्या मुळाकडं बघत होत्या. त्या मुळावर मधोमध एक पायरी होती. मी ती ओळखली. आणि मालकांनीही ओळखली, कारण त्यांनी पटकन गाडीकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली.

आक्कांनी ते बघितलं. "वरलं हाय की तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "लावून दावा."

मालकांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात, घाईघाईनं ते मला समजावू लागले, जसं काही माझ्या हातात होतं. कापाभोवती सगळी नवी मुळं फुटलीत, कापावर साल चढलीय. तो उघडा करायचा तर खालची सगळी मुळं काढावी लागतील. ह्या उन्हात झाड एक आठवडा काढणार नाही. दुसरा काही मार्ग निघेल, आपण खात्यात ओळख लावू, मी स्वतः अर्ज लिहून देतो. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ते आता गाडीत बसणार, आणि मला गाडी चालू करायला सांगणार. तसं झालं असतं तर मी त्याच दिवशी खोली सोडली असती.

आक्कांबरोबरच्या माणसांपैकी एक जण कुंडी आणायला गाडीकडं निघाला. "हात लावू नका," मालक ओरडले. "मी करतो."

त्यांनी स्वतः कुंडी आणली. गोणपाट अंथरलं, चिंच आडवी केली, औजारांची कापडी गुंडाळी उलगडली. आणि मातीत मांडी घालून बसले. आधी काडीनं माती मोकळी केली, मग बाटलीतल्या पाण्यानं मुळं धुतली, मग बारक्या कात्रीनं ती एकेक करून कापायला सुरुवात केली. एरवी वर्षातून एकदा चिमूटभर मुळं छाटताना हा माणूस मला दिवसभर गच्चीवर फिरकू देत नसे. आता ती केसांसारखी मुळं गोणपाटावर पडत होती. गप्पा मारणारी माणसं सावलीतून उठून जवळ आली. मालकांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता, आणि तो घामच होता असं मी आजही म्हणतो. शेवटी त्यांनी चाकूनं कापावरची साल खरवडली. खाली पायरी दिसली.

चिंच उचलून ते चरात उतरले आणि ती मुळावर ठेवली. थोडी फिरवली. ती खटकन खाली बसली. भावकीतला सगळ्यांत म्हातारा माणूस पुढं झाला, त्यानं दोन्ही हातांनी बुंधा धरून पिळून बघितला. तो हलेना. "बसलं," तो म्हणाला, आणि थोरल्याकडं न बघता जाऊन मोरीवर उभा राहिला, रेघ धरायला. थोरल्यानं टोपी काढून झटकली, परत घातली आणि विहिरीवर पाणी प्यायला निघून गेला.

मालक चरातून वर आले, चष्मा पुसला आणि छाती काढून उभे राहिले. मी त्यांना ओळखून होतो. कुणी दोन शब्द बोलेल, निदान नारळ तरी देईल, म्हणून ते थांबले होते. "आमच्या खात्यात असताना," अशी त्यांनी सुरुवातही केली. पण कुणाला ऐकायला वेळ नव्हता. दोरी ताणली जात होती, दगड गोळा होत होते, आक्कांची वाट परत त्यांच्या रानात येत होती. आक्कांनी कुदळ घेतली आणि चिंच आहे तिथंच ठेवून तिच्या भोवती माती ओढली. झाड म्हणून नव्हे, खुंटा म्हणून. मग पदर खोचून त्या टाचेनं माती दडपायला लागल्या.

मालकांना ते बघवेना. "अहो, टाचेनं दाबू नका," ते कळवळून म्हणाले. "मुळं दुखावतात."

आक्का थांबल्या नाहीत. "मुळं कुठं ठिवलासा, सायेब?" त्या म्हणाल्या.

मालकांच्या हातात अजून ती कात्री होती. मी गोणपाट उचलायला वाकलो, तर "राहू दे ते," एवढंच म्हणाले.